वीस म्हणजे वीस काय?

मीटिंगमध्ये कुणीतरी सहज म्हणतं, "नावाच्या रकान्याला वीस पुरेत." बाकीचे माना डोलावतात, कारण जेवणाची वेळ टळून गेलेली असते. आणि मग कोपऱ्यातून, चष्मा कपाळावर चढवलेला एक गृहस्थ शांतपणे विचारतो, "वीस म्हणजे वीस काय?"

डबे उघडायला त्या दिवशी चार वाजतात.

हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात, जिथे म्हणून जावा लिहून पोट भरणारी शंभरेक माणसं एका छपराखाली बसतात, तिथे हा गृहस्थ एक तरी असतोच. वय पन्नाशीच्या पुढे. मॅनेजरपद दोनदा नाकारलेलं, कारण मॅनेजरला कोड बघू देत नाहीत. गळ्यात आयकार्ड असतं, पण त्यावरचं नाव ज्या पद्धतीने टाइप झालंय ती त्याला मान्य नसते. आमच्याकडच्या नमुन्याला सगळे तोंडावर 'सर' म्हणतात आणि पाठीमागे 'यूटीएफ काका'. काकांना दोन्ही ठाऊक आहे. 'यूटीएफ' म्हणण्याचा त्यांना राग नाही. पुढे आठ की सोळा ते कुणी सांगत नाही, याचा आहे.

तर वीस काय? वीस बाइट? वीस कॅर? वीस कोडपॉइंट? की शाळेत बाई फळ्यावर मोजायच्या तशी वीस अक्षरं? काका फळ्यावर 'ज्ञानेश्वर' लिहितात. बाईंच्या हिशेबाने चार: ज्ञा, ने, श्व, र. जावाच्या हिशेबाने दहा, कारण तिथे ज वेगळा, ञ वेगळा, काना वेगळा, मात्रा वेगळी आणि पाय मोडण्याची खूणसुद्धा स्वतंत्र नंबर घेऊन बसलेली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे डेटाबेसात गेल्यावर तीस. "आता तुमचे वीस जर बाइट असतील," काका खडू खाली ठेवत म्हणतात, "तर त्यात 'ज्ञाने' एवढंच मावतं. ज्ञान आत, ईश्वर बाहेर."

यावर काय बोलायचं असतं? मॅनेजर म्हणतो, "सर, हे आपण नेक्स्ट स्प्रिंटमध्ये घेऊ." काका वहीत तारीख टाकून ते वाक्य लिहून घेतात.

काकांची पंचाईत अशी की ते चुकत नाहीत. चुकणाऱ्या माणसाला लोक प्रेमाने सांभाळून घेतात. दर वेळी बरोबर निघणाऱ्याला फक्त सहन करतात. एका विमा कंपनीचा फॉर्म आमच्याकडे होता. नव्याने लागलेल्या एका मुलाने त्यात अट घातली की नावात फक्त अक्षरंच चालतील. जावाच्या कॅरॅक्टर क्लासमध्ये 'इज लेटर' म्हणून एक मेथड आहे. नावातल्या एकेका कॅरला तिच्यापुढे उभं करायचं आणि विचारायचं, हे अक्षर आहे का? फॉर्म सुरू झाला. कमल, अमर, वरद, शरद ही मंडळी बिनबोभाट आत गेली. राधा, सीता, गोविंद दारातच अडली. काना हे त्या मेथडच्या लेखी अक्षरच नव्हे, नुसतं चिन्ह. वेलांटीचं तेच, अनुस्वाराचंही तेच.

पोराने रात्रभर जागून दुसरी मेथड शोधली, 'इज अल्फाबेटिक'. २०११ मध्ये जावा ७ बरोबर आलेली. ती जरा मोठ्या मनाची आहे. काना, वेलांटी, अनुस्वार सगळ्यांना घरातलं मानते. पोरगा सकाळी विजयी मुद्रेने काकांच्या खुर्चीपाशी आला. काकांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "राधा आत आली ना? आता लक्ष्मी घाल."

लक्ष्मी अडली. पाय मोडण्याच्या खुणेला त्या मोठ्या मनातही जागा नाही. काकांनी तेवढ्यावर सोडलं असतं तर ते काका कसले! त्यांनी थेट गिऱ्हाइकाला मेल टाकली की आपली कंपनी सध्या दारी आलेली लक्ष्मी परत पाठवत आहे. गिऱ्हाईक मराठी होतं म्हणून निभावलं.

या सगळ्याचं मूळ काकांच्या मते एका भाबड्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब ते घरच्या वाटणीच्या भांडणासारखा सांगतात. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली तेव्हा सोळा बिटांत, म्हणजे ६५,५३६ जागांत, जगातल्या चालू लिप्या बसतील असं धरलं होतं. देवनागरीच्या वाट्याला १२८ जागांचा गाळा आला. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या मंडळींनी तोच हिशेब धरून जावातला 'कॅर' सोळा बिटांचा केला. जानेवारी १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती बाहेर पडली. त्याच वर्षी युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीने जाहीर केलं की जागा पुरणार नाहीत, आता आपण ११,१४,११२ करतोय. "गॉसलिंगचा दोष नाही," काका म्हणतात, अगदी शेजारच्या वाड्यातल्या माणसाविषयी बोलावं तसं. "त्याला शब्द देणाऱ्यांनी शब्द फिरवला." मग उपाय निघाला तो असा की ६५,५३६ च्या बाहेरच्या अक्षराने दोन कॅर अडवायचे. २००४ मध्ये जावा ५ ने अशा अक्षरांना पूर्ण ओळखणाऱ्या मेथड दिल्या आणि पूर्ण अक्षर धरायला 'कॅर' सोडून 'इंट' वापरा म्हणून सांगितलं. अक्षर ठेवण्यासाठी बनवलेल्या प्रकारात अक्षर मावेना, म्हणून ते आकड्याच्या डब्यात ठेवायचं. हे सांगताना काकांचा आवाज अजूनही चढतो.

नव्या मुलांना पहिल्या दिवशी ते एक खेळ करून दाखवतात. रोमन 'ए' दोनदा कॅरॅक्टर ऑब्जेक्टमध्ये घाल आणि दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडून बघ. बरोबर येतं. आता 'क' दोनदा घाल. चूक! क हा क नाही. खोलीत कुजबुज होते. कारण साधं आहे: पहिल्या १२८ कॅरची ऑब्जेक्ट जावा तयार ठेवते आणि तीच पुन्हा पुन्हा देते; त्यापुढच्यांसाठी दर वेळी नवं घडवलं जातं, आणि ते चिन्ह आतलं अक्षर न बघता ऑब्जेक्ट तेच आहे का एवढंच बघतं. पहिल्या १२८ मध्ये कोण बसलंय हे सांगायला नको.

"हा शुद्ध पंक्तिप्रपंच आहे," काका म्हणतात.

"पण सर, 'इक्वल्स' वापरलं की झालं ना?"

"वापरायचंच. पण तूप कुणाच्या पानावर पडलं ते लक्षात ठेवायचं."

कँपस इंटरव्ह्यूला काकांना पाठवू नये असा एक अलिखित ठराव आहे, पण ऐन हंगामात माणसं कमी पडतात आणि ठराव मोडतो. काका एकच प्रश्न विचारतात: दिलेला शब्द उलटसुलट सारखाच आहे का, हे ओळखणारा प्रोग्रॅम लिही. सगळी मुलं हे पाठ करून आलेली असतात. दोन टोकांकडून एकेक कॅर उचलायचा, जुळवायचा, आत सरकायचं. मुलगा पाच मिनिटांत लिहितो, घाम पुसतो. काका म्हणतात, "छान. आता त्यात 'सरस' घाल." बरोबर. "कटक?" बरोबर. मुलाच्या चेहऱ्यावर पगाराचा आकडा दिसू लागतो. "जहाज?"

चूक.

चौथीतलं पोरसुद्धा सांगेल की जहाज उलटं केलं तरी जहाजच. पण जावाच्या दृष्टीने तिथे ज, ह, काना, ज असे चौघं रांगेत उभे आहेत. रांग उलटी केली की काना ह ला सोडून पहिल्या ज ला जाऊन चिकटतो आणि 'जाहज' तयार होतं. 'नवजीवन'चं 'नवीजवन' होतं. 'डालडा' उलटा केला तर काना सगळ्यांच्या पुढे येतो, धरायला कुणी नाही म्हणून टिंबांच्या एका पोकळ वर्तुळाला लटकतो. काका त्या वर्तुळाकडे बोट दाखवून म्हणतात, "हे बघ, अनाथ झाला." इस्लामपूरहून पहाटेच्या गाडीने आलेला मुलगा तेव्हा कान्यापेक्षा अनाथ दिसत असतो.

एका वर्षी एका मुलीने कागदाला हात लावायच्या आधी विचारलं, "उलटा म्हणजे कुठल्या हिशेबाने उलटा?" काकांनी पेन खाली ठेवलं, उठून उभे राहिले आणि तिला तिथल्या तिथे घेतली. एचआरच्या बाईंनी मागाहून विचारलं की डेटाबेसचं काय, क्लाउडचं काय, तिला काय येतं? काका म्हणाले, "ते काय, शिकेल." ती मुलगी आता आमची टीम लीड आहे, आणि दोघं मिळून विचारायचे, वीस काय.

ऱ ची भानगड मात्र काकांची एकट्याची. मराठीत 'कुऱ्हाडे' दोन तऱ्हांनी टाइप होतं. कुणी त्या आडव्या र चं स्वतंत्र चिन्ह वापरतो, कुणी साधा र घेतो, त्याचा पाय मोडतो आणि मागे एक अदृश्य सांधा घालतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. जावात पहिल्याचे आठ कॅर, दुसऱ्याचे नऊ, आणि 'इक्वल्स'ला विचाराल तर दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत. एका पतसंस्थेच्या खिडकीवर कुऱ्हाडे आडनावाचे म्हातारे आजोबा पासबुक घेऊन उभे, आतला कारकून म्हणतोय या नावाचं खातंच नाही, आजोबा आपलं नाव मोठमोठ्याने सांगताहेत, जणू आवाज चढवल्याने र सुधारेल. आमचं सॉफ्टवेअर म्हणून फोन आमच्याकडे आला. काकांनी एकच विचारलं, "त्यांचा र कुठला?" कारकुनाने फोन ठेवून दिला. त्याचीही चूक म्हणता येत नाही.

जून २०१४ मध्ये काकांनी सगळ्या मजल्याला पेढे वाटले. आम्ही मजल्यावरच्या आयाबायांसकट धावलो. "मुलीचं ठरलं वाटतं?"

"नाही. मोडीचं ठरलं."

युनिकोड ७.० मध्ये मोडी लिपी आली होती. पेशवाईचा कारभार ज्या लिपीत चालला तिला अखेर नंबर मिळाले. आणि ते मिळाले ६५,५३६ च्या पलीकडे, त्यामुळे मोडीचं प्रत्येक अक्षर जावात दोन कॅर अडवणार. काकांना आनंद नेमका कशाचा झाला, लिपीचा की त्या दोन कॅरचा, हे पेढा संपेपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून ते प्रत्येक रिव्ह्यूमध्ये विचारू लागले, "आणि उद्या कुणी मोडीत नाव लिहिलं तर?" मॅनेजर म्हणायचा, "सर, मोडीत कोण लिहितंय?" काका वहीत तारीख टाकायचे.

मोडीत कुणी लिहिलं नाही. पण एका गिऱ्हाइकाच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर लोकांनी हात जोडलेलं चित्र टाकायला सुरुवात केली. बहुतेक इमोजीही त्या पलीकडच्याच मोहल्ल्यात राहतात: जावात दोन कॅर, यूटीएफ-८ मध्ये चार बाइट. आमच्या टेबलाचं यूटीएफ-८ तीन बाइटांपर्यंतच पोचणारं होतं. मराठी, हिंदी, कानडी सगळं सुखाने आत जायचं. हात जोडले की अख्खा अभिप्राय बाहेर. आता गंमत बघा. खूश झालेलं गिऱ्हाईक शेवटी हात जोडतं, फूल ठेवतं, अंगठा दाखवतं. चिडलेलं गिऱ्हाईक चित्रं शोधत बसत नाही, सरळ लिहून मोकळं होतं. परिणाम असा की डेटाबेसात निव्वळ शिव्या साठल्या. वरिष्ठ हादरले, फोनवरच्या मुलामुलींना मधुर बोलण्याच्या ट्रेनिंगला पाठवलं, एका मॅनेजरची बढती लांबली. काकांनी एका दुपारी लॉग उघडला आणि परत फिरलेल्या शेकडो नमस्कारांचा ढीग सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की काकांना मोठ्या मीटिंगला बोलवा. बोलावलं. पहिल्याच स्लाइडवर ते म्हणाले, "यूटीएफ-८ म्हणजे कुठलं यूटीएफ-८?" आणि पुन्हा बोलावलं नाही.

घरीही निराळं काही नाही. काकूंनी मोबाइलवर नातेवाइकांना चौकोनी कुटुंबाचं चित्र पाठवलं की काका हिशेब सांगतात: चार माणसं, मध्ये तीन अदृश्य सांधे, सात कोडपॉइंट, अकरा कॅर. सांधा तोच, कुऱ्हाड्यांच्या र मागचा. काकू एकदा पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "म्हणजे जो दिसत नाही, ज्याला कुणी मोजत नाही, तो घर धरून ठेवतो, असंच ना?" काका म्हणाले, "मोजत नाही कसं? जावा मोजते." काकूंनी लाटणं जरा जोरात ठेवलं. यांच्या लग्नपत्रिकेचा मजकूर काकांनी फ्लॉपीवर जपलाय. तो त्या काळच्या डीटीपी फाँटात आहे, ज्यात रोमन अक्षरांच्या नंबरांवर मराठी आकार बसवलेले असायचे. फाँट गेला, आता फाइल उघडली की रोमन अक्षरांचा उकिरडा दिसतो. लग्न टिकलं, पत्रिका वाचता येत नाही.

सोसायटीत त्यांना सेक्रेटरी केलं ते मेसेज पाठवायला कुणी तयार नव्हतं म्हणून. एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरं बसतात. देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि तीही कॅरच्या हिशेबाने. त्याच्यावर गेलं की दोन मेसेजचे पैसे. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली: "सर्व सन्माननीय सभासदांना नम्रपणे कळविण्यात येते की..."

"थांबा," काका म्हणाले, "पन्नास गेले."

"पन्नास काय?"

हा प्रश्न काकांना आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी विचारला. ते इतके हरखले की त्यांनी उत्तराला पाऊण तास घेतला. शेवटी नम्रपणा ठेवून पुढे 'उद्या पाणी नाही' एवढंच बसलं. 'भरून ठेवा' दुसऱ्या मेसेजात गेलं असतं, आणि त्याच्या पैशाला समितीची मंजुरी नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन्ही विंगा कोरड्या, पण नम्र.

मुलीला मुलगा झाला तेव्हा काकांनी नाव सुचवलं: नमन. कानामात्रावेलांटी काही नाही, जोडाक्षर नाही, डोळ्याला तीन, कॅर तीन, कोडपॉइंट तीन, 'इज लेटर'ला पसंत, उलटं केलं तरी तेच. "हे नाव कुठल्याही फॉर्मवर अडणार नाही," ते जावयाला म्हणाले. बारशाला आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून 'शौर्य' सांगितलं. सगळे टाळ्या वाजवत होते, काका बोटं मोडत होते. दिसायला दोन, मोजायला पाच. मग ते महापालिकेच्या दाखला-खिडकीवर स्वतः गेले, आणि तिथे टाइप करणाऱ्या बाईंनी त्यांना काय सांगितलं ते काकूंनी आम्हाला सांगितलं, पण ते छापता येणार नाही.

गेल्या वर्षी काका निवृत्त झाले. टीम लीडने हौसेने लाकडी पाटीवर त्यांचं नाव मराठीत कोरून घेतलं. पाटी कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी आली आणि कागद सोडवल्यावर सगळ्यांच्या पोटात गोळा आला. कोरणाऱ्याच्या सॉफ्टवेअरात भारतीय लिपीचा पर्याय चालू करायचा राहिला होता. काकांच्या नावातलं जोडाक्षर फुटलेलं, मोडका पाय उघडा पडलेला, ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून पलीकडच्याच्या डोक्यावर. बदलायला वेळ नाही. एचआरच्या बाई म्हणाल्या, शालीत गुंडाळून देऊ, घरी जाऊन बघतील.

काकांनी शाल तिथेच सोडली. पाटी हातात धरून चष्मा कपाळावर चढवला, बोट फिरवत कॅर मोजले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की फोटोग्राफरने न सांगता तीन फोटो काढले. टीम लीड म्हणाली, "सर, मी उद्याच दुसरी करून आणते." त्यांनी पाटी छातीशी धरली. "हात लावायचा नाही. सगळे नंबर बरोबर आहेत गं, क्रमसुद्धा बरोबर आहे! चूक नुसती चितारण्यात आहे."

आता ती पाटी त्यांच्या दिवाणखान्यात दारासमोरच आहे. आलेल्या माणसाला आधी तिच्यापुढे उभं करतात, कुठला कॅर कुठून निसटला ते सांगतात, मध्येच काकू चहा ठेवून जातात. कुरियरवाला सही घ्यायला आला होता, तोही त्यातून सुटला नाही. सहीच्या मशीनवर त्याने काकांचं नाव रोमनमध्ये टाइप केलेलं पाहून काकांनी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालास? गोऱ्हे? बस, बस. आधार कार्डावर र कुठला आहे तुझा?"